बर्फगाडीचा पट्टा आणि अमीनाबादचे कारागीर

आजच्या भागात लढाई थोडी आणि रबर जास्त आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना फक्त तोफांचे आवाज हवेत त्यांनी मधला झोजीलाचा भाग घ्यावा आणि बाकीचं सोडून द्यावं. माझी हरकत नाही.

पुण्याचा माणूस लखनौत कसा, असं मला प्रत्येक जण विचारतो. बायकोचं माहेर कानपूरचं, निवृत्तीनंतर तिच्या माणसांजवळ राहायचं ठरलं, एवढंच त्याचं उत्तर आहे. कैसरबागेत भातखंड्यांनी 1926 साली सुरू केलेलं संगीत विद्यालय आहे. आमच्याकडे पाहुणे आले की आधी तिथे नेतो, मग तिथून चालत अमीनाबादला. पाहुण्यांना चिकनचे कुर्ते आणि कबाब हवे असतात. त्यांना त्या गर्दीत सोडून मी शेजारच्या लाटूश रोडवर सटकतो. कागदावर त्याचं नाव आता गौतम बुद्ध मार्ग आहे, पण बेअरिंगवाल्याला ते नाव सांगितलंत तर तो तुमच्याकडे पाहतच राहील. मोटारींचे भाग, पंप, पट्टे, साखळ्या, लेथची हत्यारं. तिथे तासभर गेला की मला खडकीच्या वर्कशॉपचा वास येतो.

दोन वर्षांपूर्वी एका पलटणीच्या सी.ओ.चा फोन आला. त्यांच्या क्वार्टर गार्डसमोर एक जुनी स्नो स्कूटर चौथऱ्यावर उभी आहे. पलटणीचा वर्धापनदिन येतोय, जुने लोक येणार, तर ती गाडी मैदानावर थोडी चालवून दाखवता येईल का? म्हणाला, "सर, इंजिन आमच्या मुलांनी सुरू केलंय. फक्त ट्रॅकचं तेवढं बघायचंय."

फक्त ट्रॅकचं! मी ई.एम.ई.मध्ये उभी हयात घालवली. बिघडलेल्या गाड्या चालत्या करणारं ते दल. तिथे शिकलेली पहिली गोष्ट ही, की ट्रॅकच्या गाडीत इंजिन हा सोपा भाग असतो. हे मी गंमत म्हणून म्हणत नाही. बर्फावर चालणाऱ्या गाड्यांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास बघा.

कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवावर निघाला तेव्हा त्याच्याकडे तीन मोटर स्लेज होत्या, बर्मिंगहॅमच्या वूल्झली कंपनीच्या. लढाईत रणगाडा उतरायच्या पाच वर्षं आधी या गाड्या साखळीच्या पट्ट्यावर चालत होत्या. 1910 साली नॉर्वेत फेफोर इथे चाचणी झाली तेव्हा एकीचा आस मोडला. त्रिग्वे ग्रान नावाचा तरुण तो तुकडा घेऊन स्कीवर गावच्या वर्कशॉपपर्यंत गेला, दुरुस्त करून परत आला, आणि गाडी चालली. सुटा भाग मिळत नसला की गावात जावं, हा धडा तिथेच मिळाला होता. या स्लेजवर सर्वांत जास्त मेहनत रेजिनाल्ड स्केल्टन नावाच्या नौदलाच्या इंजिनिअरने घेतली होती. पण तो हुद्द्याने मोहिमेतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्यापेक्षा वरचा, म्हणून अडचण झाली आणि त्यालाच नेलं नाही. फौजेत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना यात नवल वाटणार नाही.

पुढे काय झालं? एक स्लेज जहाजातून उतरवतानाच समुद्रावरच्या बर्फातून खाली गेली. उरलेल्या दोन 1911 च्या ऑक्टोबरअखेर निघाल्या आणि काही दिवसांतच बंद पडल्या, कारण इंजिनचे बेअरिंग तापून जात होते. पट्टे मात्र चालत होते. माझ्या मघाच्या विधानाला हा अपवाद आहे, मान्य. पण ज्या माणसाला त्या गाडीची नस माहीत होती तो इंग्लंडात बसला होता, हेही विसरू नका.

रबराचा पट्टा आणला तो अडॉल्फ केग्रेस या फ्रेंच माणसाने. तो रशियाच्या झारच्या मोटारखान्याचा प्रमुख. झारला हिवाळ्यात मोटारीतून फिरायचं होतं, म्हणून याने मागच्या चाकांच्या जागी रबरी पट्टा आणि पुढे स्की बसवली. झार गेला, केग्रेस फ्रान्सला परतला, आणि मॉस्कोजवळ गोर्कीला लेनिनसाठी जी रोल्स रॉइस ठेवली होती तिलाही केग्रेसचेच पट्टे होते. क्रांती झाली तरी बर्फ तोच.

सित्रोएन कंपनीने हे पट्टे घेतले आणि त्यातून आपल्या भूमीवरचा एक किस्सा घडला. 1931 साली बैरूतहून चीनकडे निघालेली सित्रोएनची मोठी मोहीम श्रीनगरला पोचली. जुलैत तिथून दोन पट्ट्याच्या गाड्या, ‘सोनेरी भुंगा’ आणि ‘चांदीची चंद्रकोर’ अशा नावांच्या, बुर्झिल खिंडीतून गिलगिटकडे निघाल्या. वाट घोड्यापुरती. जिथे पायवाट ढासळली होती तिथे गाड्या खोलून तुकडे हमालांच्या पाठीवर टाकले आणि पलीकडे जाऊन पुन्हा जोडल्या. ऑगस्टच्या सुरुवातीला त्या गिलगिटला पोचल्या. युरोपात याची फार वाहवा झाली. त्या हमालांची नावं मात्र कुठे शोधायची, हा प्रश्न मला पडतो. बर्फासाठी जन्मलेला तो पट्टा काश्मिरात खरं तर दगडांवरच चालला, आणि दगड रबराला खातो.

आता झोजीला. सतरा वर्षांनी त्याच डोंगररांगेत, श्रीनगरहून दुसऱ्या दिशेला. 1948 च्या शरदात लेह तुटायच्या बेतात होतं, कारण साडेअकरा हजार फुटांवरची झोजीला खिंड शत्रूने धरली होती. पायदळाचे हल्ले परतवले गेले. जनरल थिमय्यांनी ठरवलं की खिंडीत रणगाडे चढवायचे. 7 लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे, कमांडर लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग ‘स्पॅरो’. बातमी फुटू नये आणि वजन कमी व्हावं म्हणून बुरूज उतरवून ते जम्मूकडून श्रीनगरला आणले. वाटेतले पूल आधी मजबूत केले. बालतालहून वर खेचरांची वाट होती, ती मद्रास सॅपर्सनी गोळीबाराखाली रुंद केली. हल्ला ऑक्टोबरात व्हायचा तो हवामानामुळे लांबला, आणि 1 नोव्हेंबरला बर्फातून ढणढणत स्टुअर्ट वर आले. समोरच्यांनी इतक्या उंचीवर रणगाडा येईल असं स्वप्नातही पाहिलं नव्हतं. खिंड मोकळी झाली, 16 नोव्हेंबरला द्रास, महिना संपायच्या आत कारगिल.

ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मला त्यात दिसतात ते ट्रॅक. स्टुअर्टचा ट्रॅक म्हणजे रबराच्या विटा, प्रत्येक विटेतून आरपार पोलादी पिना, आणि बाजूंनी त्या पिना धरणारे जोड. हे रणगाडे दुसऱ्या महायुद्धातले, अमेरिकेत बनलेले. नवे भाग मागवून लगेच येतील अशी सोय कुठली? ज्या मेकॅनिकांनी बालतालला बसून, थंडीत उघड्या हातांनी जोड आवळले, ज्यांनी कुठली वीट अजून चालेल आणि कुठली काढायची हे ठरवलं, ते कुठल्याही चित्रात नाहीत. अहिल्यानगरला, आपल्या जुन्या अहमदनगरला, रणगाड्यांचं संग्रहालय आहे. तिथे गेलात तर तोफेच्या नळीसमोर फोटो काढून झाल्यावर दोन मिनिटं खाली वाका आणि ट्रॅक बघा.

झिजतं काय, ते सांगतो. सायकलची साखळी ‘लांबते’ असं आपण म्हणतो. लोखंड काही ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीचा बुश केसभर झिजतो, आणि शंभर कड्यांचा केस केस मिळून बोटभर लांबी वाढते. मग साखळी दात्यांवर नीट बसत नाही, दाते वाकड्या आकड्यासारखे झिजतात, आणि ते झिजलेले दाते नवी साखळीही खातात. बुलडोझरवाल्यांकडे यावर जुना इलाज आहे: पिन आणि बुश दाबयंत्राने काढून अर्धा फेरा फिरवून परत बसवायचे. झिजलेली बाजू मागे जाते आणि न झिजलेली कामाला येते. अर्धं आयुष्य फुकटात मिळतं.

रबराचं तसं नाही. रबर उभ्या उभ्या मरतं. ऊन, हवा आणि तेल पुरेसं असतं. चौथऱ्यावर रंग मारून ठेवलेल्या गाडीचं रबर चालत्या गाडीच्या रबराइतकंच म्हातारं होतं, कधी जास्तच.

स्नो स्कूटरचं घराणं कॅनडाचं. क्यूबेकमधल्या व्हॅलकोर्टचा गॅरेजवाला जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डियर. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला, रस्ते बर्फाने बंद, इस्पितळात नेता आलं नाही आणि मुलगा गेला. बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या खटपटीत तो आधीपासून होताच. 1937 साली त्याला रबर चढवलेलं दातेरी चाक आणि त्यावरून फिरणारा पट्टा यांचं पेटंट मिळालं. पुढे त्याच्या नावाच्या कंपनीने दिल्ली मेट्रोचे डबेसुद्धा बनवले, पण सुरुवात इथली, दोन रबरी पट्टे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पोलादी पट्ट्या यांची.

13 एप्रिल 1984 ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं आणि आपण सियाचिनवर गेलो. स्नो स्कूटर तिथे ओझं ओढायला, माणसं आणायला. मी 1988 च्या सुमारास तिथे कॅप्टन होतो. एक गोष्ट आजवर जाहीर बोललो नाही, आता बोलतो.

एका स्कूटरचा पट्टा मी तपासला. आडव्या पट्ट्या ज्या भोकांतून बोल्टने धरलेल्या असतात त्यातली तीन भोकं लांबट झालेली दिसली. गोल भोक लांबट होणं म्हणजे आतला दोरा तुटायला लागला. दुसरा पट्टा हाताशी नव्हता. वर माणसं थांबली होती. मी कार्डावर लिहिलं, फिट, नजरेखाली ठेवावी. दुसऱ्या दिवशी ती स्कूटर एका आजारी जवानाला स्लेजवर घेऊन खाली येत होती. एक आडवी पट्टी निसटली, दातेरी चाकाने उडी मारली आणि पट्टा फाटला. साथीदारांनी स्लेज हाताने ओढत आणली. जवान वाचला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. मला कोणी काही विचारलं नाही, कारण परिस्थिती सगळ्यांना माहीत होती. ‘नजरेखाली ठेवावी’, हे शब्द मी नंतर कधीच कुठल्या कार्डावर लिहिले नाहीत.

तर ही चौथऱ्यावरची गाडी त्याच जातीची. वाकून बघितलं. पट्ट्यांना भेगा, आठ लहान चाकांवरचं रबर बिस्किटासारखं, बेअरिंग गंजून एकजीव. मूळ भाग बाजारात असण्याचा प्रश्नच नव्हता.

बेअरिंगचं काम पाच मिनिटांचं. आतल्या गंजावर घासल्यावर 6204 हा आकडा दिसला. हे आकडे जगभर एकच असतात: शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणा, आतल्या भोकाचे मिलिमीटर मिळतात. चाराचे झाले वीस. कॅनडाची बर्फगाडी आणि लखनौच्या घरातला पाण्याचा पंप, बेअरिंग तेच. लाटूश रोडवर पोऱ्याने वर न बघता सोळा डब्या काढून दिल्या.

चाकांवर रबर चढवायचं काम अडलं. टायरवाल्यांनी हात वर केले. शेवटी एका छापखानेवाल्या मित्राने अमीनाबादच्या एका गल्लीत नेलं. लखनौ हे छापखान्यांचं गाव. मुन्शी नवल किशोरांचा छापखाना 1858 चा. छापखाना आला की शाईचे रूळ आले, रुळांवरचं रबर झिजणार, आणि ते नव्याने चढवणारा कारागीर लागणार. एका जिन्याखालच्या दुकानात एक वयस्क गृहस्थ, सगळे त्यांना चचा म्हणतात. मी चाक पुढे ठेवलं. त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "कर्नल साहब, इस पर स्याही कौन सी चलेगी?"

म्हटलं, शाई नाही, बर्फ. ते हसले नाहीत. खरी अडचण त्यांनी लगेच ओळखली. छपाईच्या रुळाला तेल सोसणारं नायट्राइल रबर लागतं, आणि तेही मऊ. बर्फावरच्या चाकाला ते दोन्ही बाजूंनी चुकीचं. कडक थंडीत नायट्राइल लाकूड होतं, नैसर्गिक रबर बराच वेळ लवचिक राहतं. आणि चाकाला टायरसारखा कडकपणा हवा. म्हणजे माल वेगळा मागवायचा. चचा म्हणाले, आठ चाकांसाठी कोणी मिसळून देणार नाही, मी माझ्या इतर गिऱ्हाइकाच्या मालाबरोबर मागवतो, थांबावं लागेल. दीड महिना थांबलो.

त्यांची रीत बघण्यासारखी. आधी जुनं रबर जाळायचं नाही, लेथवर उतरवायचं, कारण जाळलं की ॲल्युमिनियमचं चाक वाकतं. मग वाळूचा मारा करून धातू खरखरीत करायचा, त्यावर चिकटद्रव्याचे दोन हात. कच्च्या रबराची पट्टी गुंडाळायची, मध्ये हवा राहू द्यायची नाही. वरून ओल्या सुती पट्टीने बँडेजसारखं घट्ट आवळायचं. मग वाफेच्या टाकीत, दीडशे अंशांच्या आसपास. बाहेर काढल्यावर सुती विणीची नक्षी रबरावर उमटलेली असते, ती घासून मापात आणायची. वाफ आणि गंधक वापरून रबर पक्कं करण्याची ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली. चचांना गुडइयर म्हणजे टायर एवढंच माहीत होतं, आणि त्याने त्यांचं काही अडत नव्हतं.

पट्ट्यांसाठी कन्व्हेयरचा पट्टा घेतला, नायलॉनच्या थरांचा. दोन्ही बाजूंचे पट्टे एकाच गुंडाळीतून कापले, कारण वेगळ्या गुंडाळ्या वेगळ्या ताणतात आणि मग आडव्या पट्ट्या तिरक्या होतात. इथे माझी चूक झाली. पहिल्या पट्ट्यावर मी टेपने मोजून एकेका भोकाची खूण केली. 52 आडव्या पट्ट्या. प्रत्येक खुणेत अर्धा मिलिमीटर चूक धरा, शेवटी 26 मिलिमीटर. तसंच झालं, दोन टोकं जुळली तेव्हा सगळं एक इंच सरकलेलं. चांगला पट्टा वाया गेला. चचांचा नातू, कॉमर्स शिकतोय, बघत उभा होता. म्हणाला, "एक से दूसरा क्यों नापते हैं? सब पहले वाले से नापिए." बरोबर होतं. एक पोलादी साचा केला, पहिल्या भोकापासून सगळी मापं घेतली. भोकं ड्रिलने पाडली नाहीत, पंचाने पाडली. ड्रिल आतले दोरे ओढतो आणि भोक तापवतो, पंच स्वच्छ कापतो. प्रत्येक बोल्टखाली रुंद पत्री ठेवली, म्हणजे ओढ एका भोकावर न येता आजूबाजूला पसरते. सियाचिनच्या त्या पट्ट्यावर वॉशर बारके होते. आता माहीत आहे.

अंटार्क्टिकाचं थोडं राहिलं. हिलरी 4 जानेवारी 1958 ला दक्षिण ध्रुवावर पोचला तो तीन फर्ग्युसन ट्रॅक्टरांवर. आपल्या शिवारात जे मॅसी फर्ग्युसन दिसतात त्यांच्या पूर्वजांवर म्हणा ना, फक्त चाकांवरून पट्टे ओढलेले. सोबतची वीझल नावाची गाडी, जी खास बर्फासाठीच बनवलेली होती, ती वाटेतच सोडून द्यावी लागली. आपली पहिली मोहीम 6 डिसेंबर 1981 ला गोव्याहून निघाली, आणि 1983-84 च्या मोहिमेत फौजेच्या मदतीने दक्षिण गंगोत्री हे तळ उभं राहिलं. तिथून पुढे आजवर किनाऱ्यापासून मैत्री तळापर्यंतचा सगळा पसारा पट्ट्याच्या गाड्यांनीच ओढला जातो. त्यांची रचनाही तीच, रबराचे पट्टे आणि आडव्या धातूच्या पट्ट्या. तिथे हिवाळा काढणाऱ्या वाहन मेकॅनिकला अमीनाबाद नसतं, एवढाच फरक.

वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी मैदानावर पाणी मारून घेतलं. कोरड्या जमिनीवर रबर तापतं. बर्फ हेच या गाडीचं वंगण, ते नाही तर ओलं गवत. गाडी सुरू झाली, धूर झाला, आणि निघाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी पंचवीस मीटरवर थांबवली, उतरलो, आणि प्रत्येक भोक टॉर्चने बघितलं. सी.ओ. जरा अस्वस्थ झाला. 52 गुणिले दोन पट्टे, वेळ लागतो.

त्याने कार्ड पुढे केलं, सही हवी होती. मी लिहिलं: फक्त प्रदर्शनासाठी. ओल्या गवतावर, 100 मीटर, एक माणूस, मागे काही ओढायचं नाही. तो म्हणाला, सर, एक पाहुणे वीर चक्रवाले आहेत, त्यांना मागे बसवून एक फेरी मारायची होती. मी म्हटलं, त्यांना खुर्ची द्या.

दुसऱ्या आठवड्यात चचांचे उरलेले पैसे द्यायला गेलो. गुरुवार होता, दुकानं बंद, सगळ्या अमीनाबादेत फुटपाथवर बाजार पसरलेला. चचा मात्र आत होते. बिस्किटासारखं रबर झालेलं एक जुनं चाक त्यांनी ठेवून घेतलं होतं, बिलांवर वजन म्हणून. म्हणाले, नातवाला दाखवायला ठेवलंय, रबर चालवलं नाही तरी कसं मरतं ते.